वाटण आधी, शेव शेवटी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांत प्रश्न निरनिराळे असले, तरी अडचण बहुतेकांची सारखीच आहे: नोकरी, शाळा आणि गाडीच्या वेळा सांभाळून ताटात खान्देशी चवच हवी आहे आणि हातात वेळ थोडा आहे. उत्तरे देताना मी एक धोरण ठेवले आहे. सोलणे, निवडणे, भिजवणे, वाटणे ही कामे आदल्या दिवशी, त्यांतली काही तर आठवडाभर आधीही करता येतात आणि त्यात चवीचे काही बिघडत नाही. भाजणे आणि परतणे मात्र जेव्हा केव्हा कराल तेव्हा पुरा वेळ देऊनच करावे लागते, कारण आपल्याकडच्या रश्श्याची सगळी चव तिथेच तयार होते.

प्रश्न : मी पारोळ्याला शिक्षिका आहे. सकाळची शाळा असल्याने सातच्या आत दोन डबे भरावे लागतात. आमच्या घरी कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणाशिवाय रस्साभाजी कोणी खात नाही, आणि रोज पहाटे ते भाजत बसणे आता जमत नाही. वाटण करून ठेवले तर किती दिवस टिकेल? ठेवलेल्या वाटणाची चव उतरते, असे सासूबाई म्हणतात.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. उतरते ती कोथिंबिरीची आणि कच्च्या लसणाची चव; भाजलेल्या कांद्याची आणि खोबऱ्याची नव्हे. म्हणून साठवणीच्या वाटणात कोथिंबीर घालूच नये आणि लसूण घालायचा तो परतलेला घालावा. ताजा ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर रोजच्या फोडणीत पडली, की भाजी ताज्या वाटणाची आहे की साठवलेल्या, हे जेवणाऱ्याला सहसा ओळखू येत नाही.

आठवड्याच्या वाटणासाठी अर्धा किलो कांदे, दोनशे ग्रॅम सुके खोबरे, पन्नास ग्रॅम लसूण आणि बोटभर आले, एवढे प्रमाण चार माणसांच्या घराला साधारण पुरते. कांदे चिरून तेलात परतत बसण्याऐवजी सालीसकट जाळीवर ठेवून थेट आचेवर भाजावेत. वरची साल काळी पडून आतला कांदा मऊ होईपर्यंत दहा-बारा मिनिटे लागतात, मधून-मधून फक्त फिरवावे लागते आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर खोबरे भाजून होते. खोबरे कांद्याबरोबर कधीच भाजू नये. कांद्याच्या पाण्याने ते भाजण्याऐवजी वाफवले जाते. खोबऱ्याचे पातळ काप कोरड्या कढईत मंद आचेवर तांबूस होईपर्यंत हलवावेत आणि रंग आला की लगेच ताटात काढावेत, कारण आच बंद केल्यावरही तापलेल्या कढईत ते जळत राहतात आणि जळलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. लसूण आणि आले थोड्या तेलात परतून घ्यावे, सगळे थंड झाल्यावर अगदी कमी पाण्यात बारीक वाटावे.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात आणि म्हणूनच त्यांचे वाटण तिसऱ्या दिवशी आंबूस लागते. वाटलेला गोळा कढईत तीन-चार मोठे चमचे तेलात पुन्हा परतावा. आधी तो कढईला चिकटतो, मग त्यातले पाणी आटून गोळा कढईपासून सुटू लागतो आणि शेवटी कडेने तेल दिसू लागते. इथपर्यंत आणलेले वाटण घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस चांगले राहते. त्याहून अधिक दिवस हवे असेल तर ते बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावे आणि वड्या घट्ट झाल्यावर पिशवीत काढून फ्रीजरमध्येच ठेवाव्यात. दोन महिने काळजी नाही. नेहमीच्या ट्रेमधली एक वडी म्हणजे दोन मोठे चमचे वाटण, त्यामुळे चार वाट्या रश्श्याला तीन-चार वड्या हा अंदाज पहिल्या आठवड्यातच हाताला बसतो. गोठलेली वडी गरम तेलात टाकल्यास तेल उडते, म्हणून आच बारीक करून, वडी टाकून, झाकण ठेवून ती सुटू द्यावी. काळा मसाला आणि तिखट या साठवणीत घालू नये. ते रोजच्या रोज घातले म्हणजे मुलांच्या डब्याची भाजी सौम्य आणि मोठ्यांची झणझणीत, असे दोन्ही एकाच वाटणातून करता येते.

हेच वाटण शेवभाजीलाही चालते. मात्र शेव डब्यात वेगळी द्यावी. भाजीची जाड शेवसुद्धा गरम रश्श्यात दहा मिनिटांत फुगते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत तिचा लगदा होतो. रस्सा वेगळ्या झाकणाच्या डब्यात आणि शेव कागदाच्या पुडीत दिली, की जेवताना ती वरून घालता येते. रस्सा आटतो आणि शेव त्यातले पाणी पिते, हे लक्षात घेऊन तो नेहमीपेक्षा पातळच करावा.

प्रश्न : शहाद्याहून लिहिते आहे. लसूण सोलण्यात फार वेळ जातो, म्हणून मी रविवारी पाव किलो लसूण सोलून बरणीत तेलात बुडवून ओट्यावर ठेवते. हाताशी राहतो, काळाही पडत नाही. आणखी काही सोपी युक्ती आहे का?

युक्ती सांगण्याआधी एक कळकळीची विनंती: तेलातला कच्चा लसूण ओट्यावर ठेवणे आजच थांबवा. लसूण जमिनीत वाढतो आणि मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्याच्यावर असू शकतात. हवेत ते निरुपद्रवी असतात, परंतु तेलात बुडवल्यावर हवा तुटते, आंबटपणा नसतो आणि आपल्याकडची उष्णता त्यांना मानवते. अशा वेळी ते जे विष तयार करतात त्याने वास बदलत नाही, चव बदलत नाही आणि रंगही बदलत नाही. अशी बाधा क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. तेलातच ठेवायचा असेल तर फ्रिजमध्ये आणि जास्तीत जास्त चार दिवस, त्यापुढे फ्रीजरमध्ये. त्यापेक्षा तेलाचा मोह सोडून सोललेल्या पाकळ्या कोरड्या डब्यात, तळाशी कापड किंवा कागद घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आठवडाभर त्या चांगल्या राहतात.

सोलण्याचे काम हलके करायचे तर आपल्याकडची डाळ करण्याची जुनी रीतच उपयोगी पडते. पाकळ्या सुट्या करून त्यांना तेलाचा हात लावावा, परातीत पसरून दुपारभर उन्हात ठेवाव्यात आणि मग जाड कापडात घेऊन चोळाव्यात. बहुतेक साली सुटतात, त्या सुपात पाखडून काढता येतात. पाव किलो लसूण हातांनी सोलण्यात जो वेळ जातो, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ यात लागतो. पावसाळ्यात ऊन नसेल तर पाकळ्या दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवाव्यात. साल बोटाने सरकते, पण अशा ओल्या पाकळ्या नीट पुसून दोन-तीन दिवसांतच संपवाव्यात.

प्रश्न : मी दीपनगरला नोकरीला असून भुसावळमध्ये एकटा राहतो. पाळी बदलली की स्वयंपाकाची वेळ बदलते. माझी तुरीची डाळ कधी पाच शिट्ट्यांत शिजते, कधी आठ शिट्ट्या होऊनही टणक राहते. पाणी बोअरचे आहे. चूक कुठे होते?

चूक शिट्ट्या मोजण्यात आहे. शिट्टी हे वेळेचे माप नाही. आच मोठी असली, कुकर लहान असला किंवा पाणी कमी असले, की शिट्ट्या भराभर होतात आणि डाळीला मात्र तेवढा वेळ मिळालेला नसतो. घरगुती कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर आतले पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला पोचते, आणि एकदा ते तिथे पोचले की दाब टिकवायला बारीक आच पुरेशी असते. म्हणून पहिली शिट्टी झाल्यावर आच अगदी कमी करावी आणि घड्याळ लावून भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आठ ते दहा मिनिटे द्यावीत. दाब आपोआप उतरेपर्यंतचा वेळही शिजण्यातच मोजला जातो, त्यामुळे शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाई करू नये. डाळीला फेस येतो, म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. नाहीतर शिट्टीची वाट बंद होण्याची भीती असते.

बोअरच्या पाण्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे. जड पाण्यातल्या चुन्यामुळे डाळीचे दाणे लवकर फुटत नाहीत. डाळीपुरते पाणी शुद्धीकरण यंत्राचे घ्यावे; ती सोय नसेल तर पाणी उकळून, थंड करून, वरचे निवळ पाणी वापरल्यानेही फरक पडतो. खायचा सोडा घालण्याची पद्धत आहे, पण तो चिमटीतच असावा, कारण जास्त झाला तर डाळीला साबणासारखी चव येते आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वही नष्ट होते. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटानेही डाळ टणक राहते. आणि हे सगळे करूनही डाळ शिजत नसेल तर ती जुनी आहे, असे समजावे. जळगावच्या डाळमिलांच्या इतक्या जवळ राहून वर्षभराची जुनी डाळ वापरण्याचे काही कारण नाही. दोन-तीन महिन्यांपुरतीच घेत जा.

एकट्या माणसासाठी आणखी एक सोय सुचवते. पाळीवर जाताना डाळ धुऊन, पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. परत येईपर्यंत ती पुरती भिजलेली असते आणि खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ असे एकाच कुकरमध्ये दोन्ही लावता येते. उडदाच्या घट्ट वरणालाही हीच रीत चालते. ते शिजल्यावर रवीने घोटायचे आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्यायची.

प्रश्न : आम्ही धुळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. गावाकडे काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरताची चव गॅसवर येत नाही, आणि एकेक वांगे भाजायला वेळही फार लागतो. मायक्रोवेव्हमध्ये भाजावे का?

मायक्रोवेव्हमध्ये वांगे शिजते, भाजले जात नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हिरव्या, मोठ्या, कमी बियांच्या वांग्याची खासियत अशी, की ते आचेवर पुरते भाजले तरी आतला गर सुकत नाही. तेव्हा वांगे तेच घ्यावे आणि आच उघडीच द्यावी. वेळ वाचवायचा तो संख्येत: हिवाळ्यात बाजार भरलेला असताना दोन किलो वांगी एकदम भाजून, गर काढून ठेवावा.

वांगी धुऊन अगदी कोरडी पुसावीत, देठाशी एक लांब चीर देऊन आत कीड नाही ना हे पाहावे आणि तेलाचा हात लावावा. ही चीर नसेल तर आतल्या वाफेने वांगे फुटून ओटा खराब होतो. गॅसवर जाळी ठेवून दोन शेगड्यांवर चार वांगी एकदम भाजता येतात. एका खेपेला साधारण पंधरा मिनिटे. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी भाजला जातो, म्हणून वांगे शेवटी देठाच्या बाजूने उभे धरावे आणि सुरी घालून पाहावी. सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. भाजलेली वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटे झाकून ठेवली, की साल वाफेने सैल होऊन सहज निघते. साल काढायला वांगे नळाखाली धरणे मात्र मला अजिबात मान्य नाही. बोटांना साल चिकटते म्हणून हात पाण्यात बुडवावा, वांगे बुडवू नये, कारण ज्या धुराच्या वासासाठी एवढे केले तोच पाण्याबरोबर मोरीत जातो.

काढलेला गर सुरीने न चिरता लाकडी ठेचणीने ठेचावा आणि एका वेळेपुरते भाग करून गोठवावा. महिना-दोन महिने तो चांगला राहतो. करायच्या दिवशी आचेवर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि भरपूर कांद्याची पात एवढेच ताजे घालायचे. पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे गोठवलेल्या गरात आधी मिसळून ठेवू नयेत. पात काळवंडते आणि शेंगदाण्यांचा कुरकुरीतपणा जातो.

प्रश्न : चोपड्याहून. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ महिन्याचे एकदम दळून आणले, आता भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ टाकून द्यावे का?

टाकू नये. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा मुळात नसतो, आणि पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. कळण्यात उडीद असल्यामुळे ते नुसत्या ज्वारीपेक्षा बरे चिकटते, तरी उन्हाळ्यात दोन आठवड्यांहून अधिक पीठ दळून ठेवू नये. हाताशी असलेल्या पिठाला उकळत्या पाण्याने उकड द्यावी: वाटीभर पाणी खळखळून उकळले की त्यात वाटीभर पीठ घालून, आच बंद करून, ढवळून दहा मिनिटे झाकावे आणि सोसेल इतके गरम असतानाच कोरडे पीठ लावत मळावे. गरम पाण्याने पिठातले पिष्ट फुलून चिकट होते आणि भाकरी फाटत नाही. घाईच्या सकाळी हे पीठ रात्रीच उकडून ठेवण्याचा विचार मनात येईल, पण रात्रभर ठेवलेल्या उकडीची भाकरी चामट होते. तेवढी दहा मिनिटे सकाळीच द्यावीत. पुढच्या दळणासाठी चार किलो ज्वारीला एक किलो सालीचे उडीद आणि मीठ हे प्रमाण ठेवावे.

प्रश्न : शेंगदाण्याचा कूट मिक्सरमध्ये गोळा का होतो? (एरंडोल)

दाणे गरम असताना वाटल्यामुळे, किंवा मिक्सर सलग फिरवल्यामुळे. पूर्ण थंड झालेले दाणे थांबत-थांबत, क्षणभरच फिरवून वाटावेत. कूट उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवावा, नाहीतर खवट होतो. काळे किंवा बुरशी आलेले दाणे भाजण्याआधीच काढून टाकावेत, कारण त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने जात नाही.

प्रश्न : अमळनेरला आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात उभे राहवत नाही, म्हणून दोन्ही वेळचा स्वयंपाक मी सकाळी आठच्या आत उरकते. संध्याकाळी फक्त गरम करायचे. भात झाकून ओट्यावर ठेवला तर चालेल का? गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये, असे ऐकले आहे.

सकाळी उरकण्याचा तुमचा निर्णय शहाणपणाचा आहे. पारा ४४-४५ अंशांवर असताना दुपारी चारला शेगडीसमोर उभे राहण्यात काहीच अर्थ नाही. भात मात्र ओट्यावर ठेवू नये. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि उबदार भातात ते वाढले की त्यांनी केलेले विष संध्याकाळी कितीही गरम केले तरी जात नाही. एरवी शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, असा नियम आहे; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. म्हणजे खान्देशातल्या उन्हाळ्यात एका तासातच.

गरम पातेले तसेच ठेवल्याने फ्रिजमधले बाकीचे पदार्थ तापतात, एवढ्यापुरते तुम्ही ऐकलेले बरोबर आहे. त्यावर उपाय अन्न लवकर थंड करण्याचा आहे. भात परातीत पसरला की वीस मिनिटांत निवतो. रस्सा किंवा वरण पसरट पातेल्यात काढून ते पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवावे आणि दोन-चारदा ढवळावे. मग उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळी लागेल तेवढेच काढून उकळी येईपर्यंत गरम करावे. वीज जाण्याचा त्रास असेल तर त्या काळात फ्रिजचे दार उघडूच नये. बंद दारात सुमारे चार तास गारवा टिकतो. ताक आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर मात्र संध्याकाळीच करावी, त्यांना शेगडी लागत नाही.

प्रश्न : नवापूरहून. रविवारी पंधरा पाहुणे आहेत आणि वरण-बट्टीच हवी आहे. मी एकटीच करणारी आहे. आदल्या दिवशी काय-काय करून ठेवता येईल?

जवळजवळ सगळेच, आणि बट्टीच्या बाबतीत ते फायद्याचेही आहे. शनिवारी संध्याकाळी जाडसर गव्हाच्या पिठात थोडे मक्याचे पीठ, ओवा, जिरे, हळद, मीठ आणि कडक तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे, लांब वळकट्या करून चाळणीत पंचवीस मिनिटे वाफवाव्यात आणि सुरी कोरडी बाहेर येते का ते पाहावे. निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गरम बट्टी कापताना चुरा होतो आणि तो चुरा तेलात जळतो. रात्रभर गार झालेली बट्टी घट्ट बसते आणि तिचे तुकडे रेखीव पडतात. वांग्याच्या घोटलेल्या भाजीचे वाटण शनिवारीच परतून ठेवावे आणि डाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवावी. वांगी मात्र रविवारीच चिरावीत.

रविवारी बट्ट्या जेवणाच्या तासभर आधी बाहेर काढून, कापून, कापडावर पसराव्यात म्हणजे वरचे दव पुसले जाईल. ओल्या बट्टीने तेल उडते. वरण उकळत ठेवूनच तळायला बसावे, मध्यम आचेवर, एका वेळी कढईत मावतील त्याच्या निम्म्याच. पाहुण्यांतले कोणी तळायला बसतो म्हणाले तर अवश्य बसवावे आणि तुम्ही वाढायला घ्यावे, कारण कढईतून निघालेली बट्टी आणि उकळते वरण एकाच वेळी ताटात पडण्यासाठी दोन माणसे लागतातच.